व्हर्नाच्या झिणझिण्या

व्हर्ना पाव्लुकच्या पार्लरमध्ये भिंतीवर दोन प्रमाणपत्रं टांगलेली होती. एक केशरचनेचं, दुसरं पायांची निगा राखण्याचं. गिऱ्हाइकाला हात लावताना विजेची उपकरणं कशी सांभाळून वापरावीत, हा विषय तिने दोन्ही वेळा पहिल्या वर्गात सोडवला होता, आणि ते तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलंही होतं. प्रमाणपत्रांच्या बरोबर खाली, बेसिनशेजारी, दोन बारीक बटणांचं एक सॉकेट होतं: एक बटण ते नीट बंद होतंय का हे तपासायला, दुसरं ते पुन्हा चालू करायला. पाण्याजवळची वीज भलत्या वाटेला लागली की ते टक् आवाज करून स्वतःला बंद करून घ्यायचं. बिचाऱ्याचं काम तेवढंच, आणि नेमक्या त्याच कामासाठी व्हर्नाचा त्याच्यावर राग होता.

"मेलं फार नाजूक आहे," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "जरा कुठे पाणी तापायला लागलं, की रुसलंच."

रुसवा सुरू झाला नोव्हेंबरात. कुठल्याशा मोडीत निघालेल्या हॉटेलमधून व्हर्नाने पाय बुडवायचा एक विजेचा टब आणला होता. पाणी तापवणारा, बुडबुडे काढणारा, तळाला खडबडीत गोट्या असलेला. त्याच्या प्लगचा तिसरा, अर्थिंगचा दात हॉटेलवाल्यांनीच कधीतरी मोडला होता आणि वायरीला एके ठिकाणी काळी पट्टी गुंडाळली होती. व्हर्नाला ती पट्टी म्हणजे हॉटेलवाल्यांच्या काळजीचा पुरावा वाटली. टबात पाणी भरून बटण दाबलं की भिंतीवरचं सॉकेट टक्.

केस कापायला आलेल्या ओरेस्टला तिने ते दाखवलं. ओरेस्ट बाबियुक गावचा इलेक्ट्रिशियन. त्याने टब उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"सॉकेट ठणठणीत आहे, व्हर्ना. टब गळतोय."

"एक थेंब गळत नाही. बघ की, फरशी कोरडी आहे."

"पाणी नाही गं बाई, करंट. करंट पाण्यात उतरतोय. फेकून दे हा."

"फेकून दे! तुला काय जातंय सांगायला?"

"मला काहीच जात नाही. पाय माझे नाहीत ना त्यात," ओरेस्ट म्हणाला आणि मानेवरचे केस झटकून निघून गेला.

ओरेस्टला नवीन वायरिंगचं काम हवं असणार, असा निष्कर्ष व्हर्नाने काढला. तरी एका सोमवारी, पार्लर बंद असताना, तिने सगळे प्लग काढून एकेक यंत्र त्या सॉकेटला लावून पाहिलं. डोक्यावरचा मोठा ड्रायर लावला, सॉकेट गप्प. केस कापायचं मशीन लावलं, गप्प. मेण वितळवायचं भांडं लावलं, गप्प. पाणी भरलेला टब लावला, टक्. आता संशयाला जागाच उरली नव्हती. तेव्हा व्हर्नाने पुन्हा तसं तपासून पाहायचं नाही, असं ठरवलं.

उपाय तिला खिडकीबाहेर सापडला. कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतातल्या त्या गावात हिवाळ्यात माणूस उपाशी राहिला तर चालतं, गाडी राहून चालत नाही. गाडी उभी केली की तिच्या तोंडातून लोंबणारा प्लग भिंतीवरच्या सॉकेटला लावायचा आणि इंजिन उबदार ठेवायचं. नाहीतर दोन तासांत त्याचा दगड होतो. म्हणून प्रत्येकाच्या डिकीत नारिंगी रंगाची जाडजूड लांब वायर असते. लोक एकमेकांना लग्नातसुद्धा ती भेट देतात. पार्लरच्या बाहेरच्या भिंतीवर गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी असंच एक सॉकेट होतं, तिच्या सासऱ्यांच्या काळातलं. त्याला बटणं नव्हती, नाजूकपणा नव्हता, कशाचं काही वाटून घ्यायची सवय नव्हती. व्हर्नाने खिडकी दोन बोटं उघडी ठेवून फटीत टॉवेल कोंबला, नारिंगी वायर आत घेतली आणि टब तिला जोडला. टब चालू झाला. सॉकेटने हूं की चूं केलं नाही.

"याला म्हणतात जुनं काम," व्हर्ना म्हणाली.

पहिला मान एल्मर थॉर्वाल्डसनचा होता. साठ गायी, एक दुखरा अंगठा आणि प्रत्येक विषयावर मत, अशी त्याची मालमत्ता. त्याने पाय बुडवले आणि भुवया उंचावल्या.

"व्हर्ना, हे काय आहे गं?"

"काय?"

"झिणझिण्या येतायत. पार घोट्यापर्यंत." एल्मर जन्मभर गायींच्या कुंपणातली वीज बोट लावून तपासत आलेला. या बाबतीत गावात त्याच्याइतका दर्दी नव्हता. त्याने डोळे मिटून घेतले. "वा! अंगठ्याला काय बरं वाटतंय!"

खरं सांगायची ती वेळ होती. व्हर्नाने तोंड उघडलंही.

"मसाज आहे तो," ती म्हणाली. "खास."

एल्मरने ही बातमी बर्फावरच्या खेळाच्या क्लबात नेली आणि तिथून ती चर्चच्या तळघरात, उकडीच्या करंज्यांसारख्या पिरोगी वळणाऱ्या बायकांपर्यंत पोचली. महिन्याभरात गावाला व्हर्नाच्या झिणझिण्यांनी भारून टाकलं. कुणाचा संधिवात पळाला, कुणाला गाढ झोप लागली. एकीने तर सुनेशी भांडण मिटल्याचं श्रेयसुद्धा त्यांना दिलं. व्हर्नाने दारावर नवी पाटी लावली, 'झिणझिण्यांची खास पायसेवा', आणि जरा जास्त आकारायला सुरुवात केली. नवा टब घ्यायचा विचार तिच्या मनात अधूनमधून यायचा, नाही असं नाही. पण नाताळची गर्दी होती, मग क्लबातल्या स्पर्धेची होती. आणि खरी अडचण वेगळीच होती. नव्या टबात झिणझिण्या कुठून आणायच्या?

या सगळ्यात बाहेरच्या सॉकेटचा मूळ धंदा बुडाला. त्याची झळ लागली ती नेटामावशींना.

नेटा हार्डर म्हणजे व्हर्नाचं पहिलं गिऱ्हाईक. पार्लर उघडलं तेव्हा आठवडाभर दारात कुत्रं फिरकलं नव्हतं. शनिवारी नेटामावशी आत आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "बघ बाई, काय करता येतंय ते." तेव्हापासून दर गुरुवारी त्या येत. रोलर लावून केस बसवून घेत, ड्रायरखाली बसत आणि आता व्हर्नाच्या आग्रहाने पायही टबात सोडत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं दूरच्या शहरांत. आठवड्यात दुसऱ्या माणसाचा हात अंगाला लागायचा तो फक्त गुरुवारी, व्हर्नाचा. हे त्या कधी बोलल्या नव्हत्या, पण व्हर्नाला ते ठाऊक होतं. म्हणून ती त्यांचं डोकं जरा जास्तच वेळ धुवायची. बाई वाईट नव्हती, तीच तर पंचाईत होती.

नेटामावशींची जुनी ब्युइक त्याच खिडकीखाली उभी राहायची. सॉकेट अडलेलं पाहून त्या तक्रार करत नसत. मध्येच उठायच्या, रोलरवर लोकरीची टोपी चढवायच्या आणि बाहेर जाऊन गाडी थोडा वेळ घुरघुरवून परत यायच्या.

"मावशी, राहू दे ना, मी जाते," व्हर्ना म्हणायची, जागची न हलता.

"असू दे गं. तेवढेच पाय मोकळे होतात."

जानेवारीतल्या त्या गुरुवारी पारा उणे अडतीसला जाऊन बसला होता. नेटामावशी ड्रायरखाली होत्या, पाय टबात. एल्मर आपल्या पाळीची वाट बघत कॉफी पीत होता. नेटामावशी गाडी घुरघुरवायला उठणार, तेवढ्यात दार उघडलं आणि थंडीच्या लोटाबरोबर ॲडलिन आत आली.

ॲडलिन व्हर्नाची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याने शेतीची यंत्रं विकून विटांचं घर बांधलं होतं, आणि विटांच्या घरातली बाई गावात केस करत नाही. तीस वर्षं ॲडलिन केसांसाठी गाडी हाकत सॅस्कटून शहराला जात होती आणि परत येताना मुद्दाम व्हर्नाच्या पार्लरसमोरून जात होती. व्हर्ना तीस वर्षं काचेतून ते केस बघत होती. एकदाच, फक्त एकदा या बाईने माझ्या खुर्चीत बसावं, एवढं एकच मागणं तिने मनाशी धरलं होतं. नवरा मिळाला तेव्हासुद्धा तिने देवाकडे एवढा हट्ट केला नव्हता.

"सॅस्कटूनचा रस्ता बंद आहे," ॲडलिन हातमोजे काढत म्हणाली. "शिवाय डॉक्टरांनी गाडी चालवू नको म्हटलंय. म्हटलं, बघू तरी, आमच्या व्हर्नाचं काय कौतुक चाललंय गावात."

"ये ना! ये, बस!" व्हर्नाला काय करू आणि काय नको असं झालं. "पाय आधी की केस?"

"पाय. त्या झिणझिण्याच दाखव आधी. चर्चमध्ये दुसरा विषयच नाही."

व्हर्नाने धावत जाऊन नेटामावशींचे पाय टबातून उचलले, पुसले न पुसले असे केले आणि चपलांत कोंबले. "झालं हं तुमचं, मावशी!" ती ड्रायरच्या आवाजावर ओरडली. नेटामावशींचं काही झालेलं नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली. टब फरफटत ॲडलिनच्या खुर्चीपाशी गेला. व्हर्नाने गरम पाण्याची भर घातली, लव्हेंडरचं मीठ टाकलं आणि सगळ्यात चांगला टॉवेल काढला.

ॲडलिनने गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला. डाव्या खांद्याखाली, पातळ स्वेटरच्या आत, काडेपेटीएवढा एक उंचवटा होता.

डिसेंबरात ॲडलिनच्या छातीत हृदयाचे ठोके चालवणारं यंत्र बसवलं होतं. व्हर्ना तिला भेटायला इस्पितळात गेली होती, फुलंही नेली होती. फक्त ते यंत्र आणि हा टब एकाच खोलीत येतील, असं तिला कधी सुचलं नव्हतं. आता तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"पाणी जरा... फार गरम आहे गं," ती म्हणाली.

"मला गरमच आवडतं."

"तुझे पाय तर छान आहेत. यांना काय करायचंय? आपण केसच करू."

"व्हर्ना, माझे पाय छान नाहीत. तूच म्हणायचीस लहानपणी, बदकाचे म्हणून."

एल्मर हसला. व्हर्नाही हसली. तिने खिडकीपाशी जाऊन टबाचा प्लग नारिंगी वायरीतून उपटला आणि बेसिनशेजारच्या सॉकेटला लावला. टक्. ड्रायरचाही घरघराट थांबला, कारण तोही तिथेच होता. तिने बटण दाबून पुन्हा चालू केलं. टक्. तिसऱ्यांदा दाबलं. टक्. पहिल्या वर्गाच्या प्रमाणपत्रांखाली उभी राहून ती त्या सॉकेटकडे बघत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचं म्हणणं पटलं.

"अगं, त्याच्यामागे काय लागलीस?" ॲडलिन म्हणाली. "सगळ्यांना त्या नारिंगी वायरवर देतेस ना? मला वेगळं काय? तीस वर्षं मी आले नाही म्हणून फुगून बसलीस, आणि आज आले तर पाण्यात पाय घालू देईनास!"

"तसं नाही गं, ॲडा..."

"एल्मर, लावा हो तो प्लग. हिला जमत नाहीये."

एल्मर परोपकारी माणूस. त्याने कॉफी ठेवली, प्लग सॉकेटमधून काढून नारिंगी वायरीत खुपसला आणि टब खळखळू लागला. ॲडलिनने पाय उचलला. अंगठा पाण्यापासून वीतभर राहिला होता.

"नको!" व्हर्ना किंचाळली. तिने वायरीला असा हिसका दिला की टबाचा प्लग निसटला आणि खिडकीच्या फटीतला टॉवेल उडून पडला. "पाय काढ! करंट आहे त्यात! मसाज नाही, काही नाही, टब गळतोय!"

पाय हवेतच थांबला. खिडकीतून गार वारा आत घुसला.

"करंट म्हणजे?" एल्मरने विचारलं. जन्मभर कुंपणाला बोट लावणारा माणूस, पण त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"करंट म्हणजे करंट. नोव्हेंबरपासून. ओरेस्टने सांगितलं होतं फेकून दे." व्हर्ना मटकन स्टुलावर बसली. "आमच्या ॲडाच्या छातीत ते यंत्र आहे. तिला काही झालं असतं तर..."

एल्मरने बराच विचार केला. "म्हणजे आज नाही का झिणझिण्या?" तो म्हणाला. "माझा अंगठा ठणकतोय."

ॲडलिनचे मात्र डोळे भरून आले. "बघितलंत?" ती सगळ्यांना म्हणाली. "किती झालं तरी सख्खी बहीण! माझी वेळ आली तेव्हा नाही राहवलं तिला!"

ती कौतुकानेच म्हणाली होती. पण ड्रायर बंद होता आणि नेटामावशींना सगळं ऐकू आलं होतं.

त्यांनी डोक्यावरचं झाकण हळूच वर केलं. रोलर ओलेच होते.

"व्हर्ना," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुला ठाऊक होतं?"

व्हर्नाने होकारार्थी मान हलवली.

"माझे पाय आत होते, तेव्हा?"

व्हर्नाने वाकून फरशीवर पडलेला टॉवेल उचलला.

"आत्ता? हिच्या आधी?"

"मावशी, तुम्हाला कधी त्रास... तुम्ही कधी काही बोलला नाहीत..."

"पायाला लागत होतं गं. दर वेळी लागत होतं." नेटामावशी बुटांत पाय घालू लागल्या. "तू इतकी हौसेने घालायचीस, म्हणून नाही बोलले."

त्यांनी रोलरवर टोपी चढवली, कोट घातला आणि बाहेर गेल्या. व्हर्नाला उठून त्यांना अडवायचं होतं, पण कुठल्या तोंडाने अडवणार? पहिल्या शनिवारी, ओस पडलेल्या पार्लरमध्ये, टोपी काढून समोर बसलेलं ते डोकं तिला आठवत होतं.

बाहेर ब्युइकने एकदा कण्हल्यासारखं केलं. मग आणखी एकदा, जरा हळू. मग काहीच नाही. आज गाडी घुरघुरवायला कुणी गेलं नव्हतं आणि सॉकेट अडलेलं होतं.

काचेतून तिघांनाही दिसलं. नेटामावशी गाडीतून उतरल्या, भिंतीपाशी गेल्या, नारिंगी वायरीचा प्लग दोन्ही हातांनी उपटून बर्फात टाकला आणि त्या जागी आपल्या गाडीचा लावला. मग परत आत आल्या. एवढ्या थंडीत दुसरीकडे जाणार कुठे?

"मी सोडतो ना तुम्हाला घरी," एल्मर म्हणाला.

"माझी गाडी आहे," नेटामावशी म्हणाल्या आणि कोट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.

इंजिनाच्या दगडाचं पुन्हा इंजिन व्हायला तास दोन तास लागतात. त्यात घाई करून चालत नाही. रागावून निघालेलं गिऱ्हाईक आणि त्याला दुखावणारी बाई, दोघी एका खोलीत गाडी तापायची वाट बघत बसल्या. एल्मरला एकदम गायींची आठवण झाली. ॲडलिनने केसांचा विषय काढला नाही. तिने नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं आणि जाता जाता बहिणीचा गालगुच्चा घेतला.

टोपीखालून पाण्याचा एक थेंब नेटामावशींच्या गालावर ओघळला. बाहेर जाऊन आलेले रोलर कडक झाले होते, ते आता वितळत होते.

"मावशी," व्हर्ना शेवटी म्हणाली. "केस तरी वाळवू द्या. आजारी पडाल."

नेटामावशी उठल्या आणि थेट बेसिनपाशी गेल्या. चष्मा वर करून त्यांनी ते सॉकेट नीट पाहिलं. ड्रायरचा प्लग तिथेच आहे, याची खात्री केली. एक बटण दाबलं, ड्रायर घरघरला. दुसरं दाबलं. टक्. पहिलं पुन्हा दाबलं. ड्रायर घरघरला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि टोपी काढली.

"कर," त्या म्हणाल्या.

व्हर्नाने केस वाळवले, रोलर काढले, विंचरले. गुरुवारी तिचे हात कधीच घाई करत नसत, आजही केली नाही. पण एरवी तिच्या बोटांखाली हळूहळू सैल पडणारी ती मान आज शेवटपर्यंत ताठच राहिली.

गाडी सुरू झाली. नेटामावशींनी नेहमीसारखे पैसे टेबलावर ठेवले.

"पुढच्या गुरुवारी..." व्हर्ना पैशांना हात न लावता म्हणाली.

"येईन की. गावात दुसरं पार्लर कुठे आहे?"

टब दुसऱ्याच दिवशी कचऱ्याच्या डेपोत गेला. तो तिथून एल्मरने घरी नेला, अशी बोलवा आहे. पण व्हर्नाने आधी त्याची वायर बुडापासून कापून टाकली होती. आयुष्यात एक काम तिने प्रमाणपत्राला शोभेलसं केलं, ते हे. दारावरची पाटी उतरली आणि गावाचा संधिवात परत आला. लोक अजून कुरकुरतात, की पूर्वीची मजा राहिली नाही. रस्ता मोकळा झाल्यावर ॲडलिन केसांसाठी पुन्हा सॅस्कटूनला जायला लागली, आता नवऱ्याच्या गाडीतून. समोरून जाताना मात्र हात हलवते.

नेटामावशी दर गुरुवारी येतात. गाडीचा प्लग लावतात, आत येतात, आधी बेसिनपाशी जाऊन बटण दाबतात आणि टक् वाजल्याशिवाय टोपी काढत नाहीत. तोवर व्हर्ना कंगवा हातात धरून उभी असते.